तिसरी किल्ली

आई गेल्याला तीन आठवडे झाले, तेव्हा लेकीनं शिवणमशीनचा खण उघडला आणि जे सापडू नये असं वाटत होतं तेच हाताला लागलं. तिसरी किल्ली. कोरी, ठिपका नसलेली.

आई कपडे दुरुस्त करायची. लेक ज्यांना काका म्हणे, त्या आईच्या मित्राचं कुलपांचं दुकान दोन गल्ल्या सोडून. नऊ वर्षं दोघांचं जमलं होतं, म्हणजे मोडत मोडत जमलं होतं. काकांना अर्धा तास उशीर झाला की आईच्या लेखी ते तिला कायमचे सोडून गेलेले असत. मग तीच फोन करी, "सोडायचंच आहे ना मला? मग या आणि कुलूप बदलून जा." आपल्यालाच बाहेर ठेवणारं कुलूप काका निमूट बसवत आणि तीन किल्ल्या टेबलावर ठेवून जात. एक आईची, एक लेकीची. तिसरी खणात पडे.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. आई म्हणाली, "बॉर्डरवर? मग बंदूक तरी द्या हातात." काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

राग ओसरला की आई रडून डोळे सुजवी. मग तिसऱ्या किल्लीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन तडक दुकान गाठी. किल्ली काउंटरवर ठेवून म्हणे, "वाळू दे आधी. हात लावू नका." रंग वाळेपर्यंतही तिला घरी दम निघत नसे. तेवढाच तिचा माफीनामा.

गेल्या वर्षभरात तिनं एकदाही कुलूप बदललं नव्हतं. औषधं वेळेवर, डॉक्टरांकडे दर आठवड्याला. मग काका बहिणीकडे गेले, त्यांचा फोन बंद पडला आणि सगळ्यावर पाणी फिरलं. नवं कुलूप बसलं त्याच्या चौथ्या दिवशी आई मशीनवरच कोसळली.

स्मशानात काका परक्यासारखे मागे उभे होते. निघताना एवढंच म्हणाले, "खणात काही सापडलं तर सांग हं, बाळ."

लेकीनं नेलपॉलिशची बाटली शोधून काढली. झाकण घट्ट बसलं होतं. तिनं किल्लीवर ठिपका दिला, तो जरा मोठाच झाला.

"आईनं काढून ठेवली होती," दुकानात ती म्हणाली. "तुमच्यासाठी."

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. किल्ली उचलली. अंगठ्याला लाल रंग लागला.

लेकीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. काकांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पुसायला फडकं समोरच होतं. त्यांनी ते घेतलं नाही. किल्ली अलगद काउंटरवर ठेवली आणि पायानं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बस," ते म्हणाले. "वाळू दे आधी."