‘फेस’चं नाक

रामनाथ केंगलेचं नाक गेलं ते करोनाच्या दुसऱ्या लाटेत. ताप उतरला, खोकला गेला, वास मात्र परत आला नाही. दुसऱ्या कुणी जेवणात थोडं तिखट वाढवून घेतलं असतं आणि दिवस काढले असते. रामनाथचं पोटच नाकावर चालत होतं. पुण्यातल्या पबांची आणि तिथल्या बिअरची माहिती देणारी ‘फेस’ नावाची गाईड तो आणि रुपाली कितीतरी वर्षं इंटरनेटवर चालवत होते.

आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरातून तो पुण्यात शिकायला आला, शिकता शिकता एका बारमध्ये वेटर झाला, आणि तिथंच त्याला कळलं की आपल्याला ग्लासात जे सापडतं ते पिणाऱ्यांना सापडत नाही. बिअर शिळी झाली की त्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा. पिंपातून बिअर आणणाऱ्या नळ्या धुतल्या नसल्या की आंबलेल्या लोण्याचा. रुपाली त्याच्याच वर्गातली, मंचरजवळच्या पेठ गावची. ती फोटो काढायची, जाहिराती बघायची. तो प्यायचा आणि लिहायचा. फुकटचा ग्लास घ्यायचा नाही, हा दोघांचा नियम. पबवाले त्यांना टरकून असत. ‘फेस’ने वाईट लिहिलं की दुसऱ्या दिवशी पिंप बदललं जायचं, आणि याचा रामनाथला मनातून फार अभिमान होता. गावी आईला, सखूबाईला, त्याने एवढंच सांगितलं होतं की मी हॉटेलांच्या बातम्या लिहितो.

नाक गेल्याचं त्याने रुपालीला लगेच सांगितलं. ती म्हणाली, येईल परत, तोवर मी पिते, तू लिही. मग तसंच सुरू झालं. दोघं टेबलाशी बसत, ती घोट घेई आणि तो खोदून खोदून विचारी. कडू आहे का? कसली कडू, कारल्यासारखी की करपलेल्या भाकरीसारखी? रुपाली बिचारी डोळे मिटून प्रयत्न करायची आणि शेवटी म्हणायची, चांगली आहे रे. बाकीचं तो आठवणीतून भरायचा.

बाणेरच्या एका पबातल्या गव्हाच्या बिअरबद्दल तो पूर्वीपासून लिहीत आला होता, की ग्लास तोंडाशी नेला की कुणी शेजारी संत्रं सोलल्यासारखं वाटतं. रुपाली म्हणाली, नेहमीसारखीच आहे. त्याने पुन्हा तेच लिहिलं. खाली वाचकांच्या प्रतिक्रिया आल्या. हो, संत्रं अगदी जाणवतं. मलाही आलं. काही दिवसांनी पबचा मालक सार्थक भेटला आणि त्याने हसत हसत आभार मानले. संत्र्याची साल घालणं त्यांनी केव्हाच बंद केलं होतं, पण लेखामुळे गर्दी वाढली होती.

त्यानंतर रामनाथ वाट बघू लागला. कुणीतरी चिडून लिहील, की राव, तुमचं नाक कुठं गेलं? रोज सकाळी तो आधी तेच शोधायचा. तसं कुणी लिहिलं नाही. वाचक मात्र वाढत गेले.

कार्तिकात भात काढणीला तो गावी गेला. एका दुपारी आई शेतावर असताना त्याने गॅसवर चहा ठेवला आणि तिथंच मोबाइलमधले जुने फोटो बघत बसला. चहा उतू जाऊन आच विझली, ते त्याच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. पुन्हा पेटवावं म्हणून त्याने लायटर उचलला, तेवढ्यात दारातून शेजारची लंकाबाई ओरडली. तिच्या मागून, शेतावरून परतलेली सखूबाई आत धावली, त्याच्या हातातला लायटर हिसकावला, बटण बंद केलं आणि त्याला दंडाला धरून अंगणात ओढलं.

“आरं, घरभर गॅस भरलाय. वास येत न्हाई व्हय तुला?”

“न्हाई, आये. तापात गेला तो गेलाच.”

लंकाबाई गेल्यावर त्याने आईला सगळं सांगितलं. हॉटेलांच्या बातम्या म्हणजे काय, बिअर म्हणजे काय, आपण नाकानं काय करत होतो, सगळं. दारूचं ऐकून ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसली होती.

“मंग आता लिवतो कसा?”

“आठवून.”

“आन लोक वाचत्यात?”

“वाचत्यात.”

सखूबाई उठली आणि विळा घेऊन पुन्हा शेताकडे गेली.

रुपाली तेव्हा पेठला भावाकडे आली होती. रामनाथने तिला मंचरला बोलावलं. हायवेलगतच्या परमिट रूमच्या फॅमिली सेक्शनमध्ये दोघं बसले. बाहेर कांद्याचे ट्रक अडकून पडले होते. तिने सवयीने बिअर मागवली आणि सवयीनेच तो विचारायला लागला. मग स्वतःच थांबला. म्हणाला, ‘फेस’ बंद करू या, लोकांना आपण खोटं विकतोय.

रुपालीने ग्लास बाजूला सारला. “रामनाथ, तुझ्या नाकासाठी कुणी वाचत नाही. पूर्वी काही जण वाचायचे. आता पार्किंग आहे का, गाणी कुठली लावतात, शनिवारी काय स्वस्त, एवढंच लागतं लोकांना. मला हे केव्हाच कळलं होतं. तुला कसं सांगायचं, ते कळत नव्हतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्त लागलं. तिचं घर ‘फेस’वर चालत होतं आणि तिला ती बंद करायची नव्हती. तू चालव, असं तो म्हणाला. फक्त माझं नाक गेलंय एवढं पहिल्या पानावर टाक. तिने मान डोलावली. ग्लास तसाच टाकून ती पैसे द्यायला उठली.

तिने शब्द पाळला. दोन ओळी आल्या, खाली रामनाथचा जुना फोटो. गावात रेंज फक्त खळ्यावर येते. तिथं पेंढ्यांवर बसून त्याने प्रतिक्रिया वाचल्या. काळजी घ्या. लवकर बरे व्हा. एकाने विचारलं होतं, की भाऊ, कोथरूडमध्ये बायकामुलांना घेऊन बसता येईल अशी जागा सांगा ना.

रामनाथने बराच वेळ ते बघितलं. मग जागेचं नाव लिहिलं, अंधार पडायच्या आत जा, नंतर गर्दी होते, असंही लिहिलं आणि पाठवून दिलं. सखूबाई पलीकडे एकटीच भात झोडत होती. फोन खिशात घालून तो तिच्या समोर जाऊन उभा राहिला आणि त्याने पेंढी उचलली.