डोहाळेबुवाची हिरवी गोळी

साहेब, त्या माणसाच्या गळ्यात हार तुम्ही घातलात. आमच्या गावातल्या माडांच्या बागेत, मांडवभर बायकांसमोर, हसत हसत घातलात. त्याने माझ्या बहिणीचं अन्न तोडलं, त्याला मी भोंदूगिरी म्हणतो. तुम्ही केलंत त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून हे लिहितोय. तुमचं नाव लिहीत नाही. तुमचं तुम्हाला कळेल.

बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी पहिल्यापासून सांगतो.

दर गुरुवारी मांडव पडायचा. नांदगाव स्टेशनावर उतरून बायका रिक्षा भरभरून यायच्या. इन्सुलीचा नाका ओलांडून गोव्याच्या गाड्या यायच्या. सगळ्या पोटुशा, आणि प्रत्येकीबरोबर सासू नाहीतर आई. पुढे मंचावर गंगाराम महाराज. लोकांच्या तोंडी डोहाळेबुवा. अंगात भगवं रेशीम, मनगटाला लाल दोरे, आणि माइक असा धरलेला की जणू तोही प्रसादच.

“माते! काल आवडणारी मासळी आज का नको झाली? जीभ तुझी, पण नकार कोणाचा? बाळाचा! बाळ आत बसून बघतंय! आईच्या जिभेवर बाळ सही करतं!”

टाळ्या. सही करणारं बाळ कोणत्या शाळेत शिकलं, हे कोणी विचारलं नाही. माझ्या मागे दोघींचं चाललेलं.

“माज्या झिलान पोटात आसताना बांगडे मागल्यान.”

“आणि आता काय मागता?”

“आता मोटारसायकल.”

हसल्या दोघी. पण हसता हसता रांगेत पुढे सरकल्या.

मग ‘गर्भसाक्ष’ व्हायची. आधी जिभेची शुद्धी: सेवेकरी एक हिरवी ओली गोळी द्यायचा. ती चावायची, जिभेवर घोळवायची, नामघोष संपला की गिळायची. मग बुवा स्वतःच्या हाताने खडीसाखर द्यायचा. बाई तोंडात टाकायची आणि तिचा चेहराच उतरायचा. खडीसाखर गोड लागायची नाही. वाळूचा खडा चघळावा तशी लागायची.

“पाहिलंत? बाळाने अन्न नाकारलं! घरात मासळी शिजते, गर्भाला हत्येचा विटाळ होतो!”

यावर उपाय म्हणजे व्रत. मासे बंद, अंडी बंद, सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या बंद, कारण ‘लोखंड गर्भाला टोचतं’. “त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं की नाही? ते विष बाहेर पडतं, माते!” गोळीतलं लोह पुरतं शोषलं जात नाही आणि उरलेलं तसं पडतं, एवढीच ती गोष्ट. पण प्रत्येक बाईने ते काळं पाहिलेलं असायचं, म्हणून मान डोलायची. खायचं काय, तर दूधभात आणि बुवाचं चूर्ण. संकल्पाचं पाणी सोडायचं, भजनाला बसायचं. भजन संपलं की पुन्हा खडीसाखर, आणि आता ती गोड! मांडव ‘माऊली, माऊली’ करून उठायचा. बाळाचा राग गेला म्हणे.

माझी आई सावित्री. आमच्याकडे ताटात मासळी नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही, आणि तरीही मासळी सोडली की पुण्य लागतं असं प्रत्येक बाईला मनातून वाटतं. सोमवार पाळायचा, श्रावण पाळायचा. रोज खायचं आणि रोज थोडं अपराधी वाटून घ्यायचं. बुवाने बरोबर तिथेच गळ टाकला. माझी बहीण शर्मिला पहिल्या बाळंतपणासाठी लवकरच माहेरी आलेली. सुरुवातीला तिला फोडणीचासुद्धा वास सोसत नव्हता. आईला वाटलं, बाळ साधुपुरुष आहे.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. इंजिन बंद पडलं तर दर्याला हात जोडत नाही, डिझेलची नळी बघतो. त्या हिरव्या गोळीत काहीतरी आहे हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. पण काय आहे ते मला सांगता येत नव्हतं, आणि आई म्हणायची, “तू काय डॉक्टर?”

डॉक्टर तुम्ही होता, साहेब. शर्मिलेला लोहाच्या गोळ्या तुम्हीच लिहून दिलेल्या. “मासे खा, अंडी खा, पालेभाजी खा, गोळी एक दिवस चुकवू नकोस,” हे तुमच्या खुर्चीतून तुम्हीच बजावलेलं. त्या गुरुवारी तुमची गाडी मांडवाशी थांबली तेव्हा मला वाटलं, सुटलो. आता हा माणूस माइक घेईल आणि बोलेल.

घेतलात माइक. हार घातलात, वाकून नमस्कार केलात आणि म्हणालात, “विज्ञानालाही मर्यादा असतात. महाराजांचं कार्य आमच्या कामाला पूरकच आहे.”

आईने माझ्याकडे बघितलं. “ऐकलंस? आता तरी गप ऱ्हव.”

तिने शर्मिलेला रांगेत उभी केली. सोबतीला आमची शेजारीण नूरबानो होती. तीही पोटुशी. मांडवात पोटुशी बाई दिसली की सेवेकरी गोळी हातावर ठेवायचा, जात-धर्म विचारायचा नाही. बुवाचा तेवढा मोठेपणा. शर्मिलेची खडीसाखर वाळू झाली. तिने रडत संकल्प सोडला. नूरबानो परत येताना ओढणीचं टोक मुठीत आवळून चालत होती.

मग ते व्रत सुरू झालं. पोट ढवळायचं थांबलं आणि शर्मिलेला भूक लागायला लागली, खरीखुरी, दोन जिवांची. पहिल्या महिन्यांत ज्या वासाने ओकारी येते, पुढे त्याच वासाने तोंडाला पाणी सुटतं. कोणाला कच्ची कैरी हवीशी वाटते, कोणी चुलीतली माती चाटते. हे शरीराचं चाललेलं असतं. त्यात पाप नाही आणि साधुपुरुषही नाही. पण नूरबानोकडे पेडव्यांचं तिखलं, म्हणजे बारीक मासळीचं झणझणीत कालवण, शिजलं की शर्मिला दार लावून घ्यायची आणि आत रडायची.

“खा गो थोडां,” मी म्हणायचो.

“दादा, बाळाक नको आसा. माजीच जीभ मेली वंगाळ.”

बुवाला विचारलं तर म्हणाला, हा मोह आहे, व्रत कडक करा. तिचे ओठ पांढरे पडले. जिना चढताना धाप लागायला लागली. एका सकाळी मागल्या पडवीत भांडी घासता घासता ती आडवी झाली. तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात नेली तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि पहिला प्रश्न केला, “गोळ्या कोणी बंद केल्या?”

आईने कमरेची पिशवी पदराआड घेतली.

रक्त निम्म्यावर आलेलं. बाळाची वाढ मागे पडलेली. बाईंनी स्वच्छ सांगितलं, शिरेतून लोह देऊ, पण पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर बाळंतपणात दोघांच्याही जिवाला धोका आहे. आणि शर्मिला ताट सरकवून म्हणाली, “मी खाल्लंय तर बाळ जाईत. महाराजांनी सांगितल्यानी. साहेबपण होते थंय.”

हे ऐकलंत ना? साहेबपण होते थंय.

दुसऱ्या दिवशी नूरबानो डबा घेऊन भेटायला आली. शर्मिलेने डब्याकडे पाठ केली. नूरबानो पलंगाच्या कडेला बसली आणि एकदम म्हणाली, “शर्मिला बाय, त्या दिशी माका साखर गोड लागली.”

“काय?”

“ती हिरवी गोळी तोंडात घेतलंय आणि पोट ढवळला. पाल्याचो वास सोसनाच माका. ओढणीत थुकून टाकलंय, चूळ भरलंय. मगे साखर खाल्लंय तर गोड. नुसती गोड.”

“मगे तेव्हाच कित्याक नाय बोललंस?” मी विचारलं.

“खंय बोलू? त्या गर्दीत? त्यांच्या प्रसादावर थुकलंय म्हणान सांगू? माका जिती घराक येऊक दिल्यानी असती?” तिने शर्मिलेचा हात धरला. “भियालंय मी. पण तू अशी मरतलंस ह्यां ठावक नव्हतां.”

मग आई उठली. तिने कमरेची पिशवी सोडली. तिने गेल्या गुरुवारी सुनांच्या नावाने खोटं सांगून आणखी दोन गोळ्या मागून आणलेल्या, लेकीला जास्त पुण्य म्हणून. पानात गुंडाळलेल्या, अजून ओलसर. एक तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत बसली.

“आये, ह्यां काय करतंस?”

तिने हाताने थांब म्हटलं. चांगली घोळवून गिळली. मग पिशवीतली बुवाचीच खडीसाखर तोंडात टाकली. चघळली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने तो खडा हातावर काढून बघितला, पुन्हा तोंडात टाकला, पुन्हा काढला.

“वाळू,” ती म्हणाली.

मग ताटातलं मीठ बोटाने चाटलं. “मीठ खारट लागता.” लिंबाची फोड चोखली. “आंबट लागता. नुसता गोड तेवढा गेला.”

शर्मिला उठून बसली होती.

“चेडवा,” आई म्हणाली, “माजी गर्भाची पिशवी काढून कितकी वर्सां झाली तुका ठावक आसा. पिशवीच नाय, तर माज्या जिभेवर ह्यो सही करता कोण?”

नूरबानोला हसू फुटलं. हसता हसता तिने खडीसाखरेचा दुसरा खडा शर्मिलेच्या तोंडाशी धरला. “घे. गोळी नको, नुसती साखर खा.”

शर्मिलेने घेतली.

“गोड?”

“गोड,” शर्मिला म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली. “आये, मगे इतके दिवस मी उपाशी कोणासाठी ऱ्हवलंय?”

आईने डबा उघडला. आत सुरमईचं कालवण आणि भात होता. तिने स्वतःच्या हाताने घास केला. तो लेकीला भरवला आणि लगेच पुढचा करायला घेतला.

उरलेली गोळी मी पूजा मॅडमना नेऊन दाखवली. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांनी वास घेतला, चिमूटभर चघळली, वर साखर टाकली आणि म्हणाल्या, “बेडकीचा पाला.” रानात कुंपणावर चढणारा वेल. त्याच्या रसाने जिभेवरची गोड ओळखणारी जागा काही वेळ झाकली जाते. खारट, आंबट, कडू सगळं कळतं, फक्त गोड कळत नाही. थोड्या वेळाने असर आपोआप उतरतो. बुवाचं भजन तेवढ्यासाठीच होतं. बाळाचा राग भजनाने जात नव्हता, पाल्याचा रस उतरत होता.

पुढच्या गुरुवारी आई मांडवात गेली. तिने तोच पाला कुंपणावरून तोडून आणून बायकांना वाटला, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या पुरुषांनाही. वर खडीसाखर दिली, आणि पुरुषांच्याही तोंडात तिची वाळू झाली. गर्भसाक्ष पुरुषांनीही दिली. बुवा म्हणाला, “अश्रद्ध माणसाच्या जिभेचा भरवसा नाही.” मागून एक म्हातारी आपल्या नवऱ्याला पुढे ढकलत ओरडली, “माज्या घोवाक कितवो म्हयनो ता तरी सांग रे!” मांडव हसला. हसणाऱ्यांपुढे बुवा टिकत नाही. दुसऱ्या दिवशी मांडवाचे नुसते खांब उरले. तो आणखी कुठल्यातरी तालुक्यात पाला वाटत असेल.

बायांनो, तुमच्या जिभेला जे वाटतं ते तुमच्या शरीराचं आहे. ते बदलतं, त्याला घाबरू नका. कोणी अन्न तोडायला सांगितलं तर ते कशावरून, हे विचारा. चमत्कार दाखवला तर तोच पोटुशी नसलेल्या माणसावर करून बघायला सांगा. खरी गोष्ट तपासल्याने मरत नाही.

बुवाबद्दल माझं एवढंच. तो परका होता, पोटासाठी फसवत होता. तुम्ही आमचे होता, साहेब. शर्मिला आता जेवते, गोळ्या घेते. बाळाचं वजन अजून कमी आहे, भरून निघेल की नाही ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. ती मला रोज एकच प्रश्न विचारते, आणि तो मी इथे तिच्याच शब्दांत ठेवतो:

“दादा, साहेब खरे खंय बोलले, दवाखान्यात की मांडवात?”

याचं उत्तर तुमच्याकडे आहे. तिला द्या, तिच्या समोर येऊन द्या, आणि बाळ जन्माला येण्याआधी द्या.