घडीत दबलेला गुरू

मी छकुलीची पत्रिका बोलतेय. कागद जाडसर, कडा आता पिवळ्या पडल्यात. अंगावर एक चौकोन, त्यात रेघा मारून पाडलेली बारा घरं, आणि त्या घरांत नऊ ग्रह पाहुण्यांसारखे बसलेले. एवढाच माझा संसार. छकुलीचं खरं नाव माझ्या कपाळावर लिहिलंय, पण त्या नावानं तिला घरात कुणी हाक मारत नाही.

मला मांडलं एका म्हाताऱ्या ज्योतिषांनी. सगळे त्यांना आजोबा म्हणत. जिना चढून गेलं की त्यांची खोली. पत्रिका बघायची त्यांची जुनी रीत होती. आधी दोष सांगायचा, मग त्या दोषापासून राखणारा कोण आहे ते शोधायचं. कुठल्या घरातून कुणाची नजर कुठे पडते, ते बोटांच्या पेरांवर मोजायचे. नुसत्या एका घरावरून बोलणं त्यांना कधी पटलं नाही.

छकुलीची आई मला न्यायला आली तेव्हा छकुली कडेवर होती. आई स्वतःच कोवळ्या वयाची, पहिलटकरीण. आजोबांनी माझ्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"आठव्या घरात चंद्र, जोडीला शनी. पोरीला पाण्याजवळ जपा."

एवढं बोलून ते चष्मा पुसायला लागले. पुढचं सांगायच्या आधी ते नेहमी पुसायचे. तेवढ्यात छकुलीनं भोकाड पसरलं. आईचा चेहरा तर केव्हाच उतरला होता. तिनं मला उचललं, उभी-आडवी घडी घातली आणि जिना उतरू लागली. वरून हाक आली, "थांब पोरी, अर्धं राहिलंय अजून."

ती थांबली नाही. पहिलं अर्धं असं, तर उरलेलं किती वाईट असेल, याच धास्तीनं तिचे पाय पळत होते.

मग मी कपाटात राहिले. जरा मनात चलबिचल झाली की आई मला काढायची, पण उलगडायची नाही. तो आठव्या घराचा कोपरा वर राहील अशीच घडी होती. तेवढंच बघायची आणि परत ठेवायची. माणसांचं मला नवल वाटतं. चांगलं सांगितलेलं दारातच विसरतात, वाईट तेवढं उशाशी घेऊन झोपतात.

घरात बादली कधी भरून ठेवली नाही. तळ्याकाठचा जवळचा रस्ता सोडून मायलेकी लांबून शाळेत जायच्या. बाबा चेष्टा करायचे, एक दिवस तू हिला पाणीही चमच्यानं पाजशील म्हणून. आई हसायची नाही. छकुलीही हळूहळू हसेनाशी झाली.

मग शाळेनं तिच्या वर्गाला पोहायला न्यायचं ठरवलं. सगळ्या मैत्रिणी जाणार होत्या. छकुलीनं हट्ट केला नाही. भाजी निवडणाऱ्या आईजवळ बसून तिनं हळूच विचारलं, "आई, माझ्या पत्रिकेत सगळं पाणीच आहे का गं?"

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन त्या जिन्यावर चढली.

आजोबांची नजर तोवर गेली होती. ते म्हणाले, तू एकेक घर वाच, मी मोजतो. आईनं मला पहिल्यांदा पूर्ण उलगडलं. बोट ठेवून वाचत गेली. चौथं घर रिकामं म्हणाली. शेवटी आजोबा पेरांवर थबकले.

"आठच भरले. गुरू कुठे गेला?"

आईनं मला खिडकीशी नेलं. घडी बरोब्बर चौथ्या घरावरून गेली होती. तिथली शाई झिजून नुसती उकाराची शेपटी उरली होती.

"चौथ्यात आहे, आजोबा."

"तिथून त्याची नजर थेट त्या चंद्रावर पडते. राखणदार आहे गं पोरीला. आणि चौथं घर म्हणजे आईचं घर. हेच सांगायला तेव्हा हाक मारली होती."

जिन्याच्या पायरीवर बसून आई रडली. येताना तिनं छकुलीला पोहायचा निळा पोशाख घेतला.

पण छकुली तलावाच्या काठावर पाय वर घेऊन बसते. शिकवणाऱ्या बाई लाख समजावतात. "तुम्ही पोहा, मी बघते," म्हणते. भीती माझ्या कोपऱ्यात होती तोवर तिच्यावर गुरूची नजर होती. आता ती पोरीच्या अंगात मुरलीय, तिथे कुणाची नजर पोचायची?

आता मला घडी नाही. कपाटात सपाट पडून असते. तलावावरून परतल्यावर आई आधी पिशवीत हात घालून पोशाख चाचपते, मग माझ्यावर ठेवून देते. रोज कोरडा.

बायांनो, मला बघायचं तर पुरतं उलगडून बघा. नाहीतर हातच लावू नका.

आज पुन्हा दोघी गेल्यात. कधीतरी तो पोशाख ओला येईल आणि आनंदाच्या भरात आई तो तसाच माझ्यावर टाकेल. माझी शाई फुटेल. चंद्र जाईल, शनी जाईल, उरलासुरला गुरूही जाईल. जाऊ देत. मी त्या ओलीचीच वाट बघतेय.