दोन बिंदू वगळून

बाप गणिताचा मास्तर, तेव्हा पोरीचं नशीब उघडलं असं सगळी गल्ली म्हणायची. म्हणणाऱ्यांचं काय जातंय, मार ती खायची. लाकडी पट्टी तो तिच्या डाव्या हातावरच ओढायचा, कारण उजवा लिहायला लागतो. एवढी दया त्याच्यापाशी होती.

उद्या प्रवेश परीक्षा होती. पास झाली तर वसतिगृह, म्हणजे या घरातून सुटका. नाहीतर हीच खोली आणि हाच मास्तर.

आज बिंदुपथ चालले होते. A आणि B हे दोन बिंदू ठरलेले. P असा फिरतो की PAB या त्रिकोणात P पाशी कायम काटकोन राहतो, तर P चा बिंदुपथ काढा. पोरीने समीकरण मांडलं, वर्तुळ आलं, आणि खाली तिने लिहिलं: A आणि B हे बिंदू वगळून.

"हे शेपूट कशाला?" बापाने विचारलं. "वर्तुळ, संपलं. जन्मभर हेच शिकवत आलोय मी."

"पण बाबा, P जर A वरच येऊन बसला, तर त्रिकोण उरतोच कुठे?"

तो आकृतीकडे बघत राहिला. त्याला कळलं. त्याला कळलंय हे तिलाही कळलं. चुकल्यावरचा मार तिच्या सवयीचा होता. बरोबर उत्तराला काय मिळतं ते तिला ठाऊक नव्हतं.

त्याने तिचा उजवा हात मनगटाशी धरून टेबलावर दाबला आणि पट्टीची कड बोटांवर हाणली. पुन्हा हाणली. कातडी फाटली, वहीवर रक्त सांडलं. "खोड ते. खोड म्हणतो ना."

आई दारात आली. इतकी वर्षं ती अशा वेळी भांड्यांचा आवाज मोठा करायची. पोर चुकते म्हणून मारतो, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

"तिचं बरोबर आहे का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तुला काय कळतं त्यातलं? चालती हो."

"मला नाहीच कळत. म्हणून तर तुम्हाला विचारते. बरोबर आहे का?"

पट्टी पुन्हा वर गेली.

आईने दाराचा अडसर उचलला आणि जीव खाऊन त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. तो गुरासारखा ओरडत खाली बसला.

अडसर काखेत धरूनच तिने पोरीच्या बोटांना फडकं गुंडाळलं.

"पुढचं गणित घे," ती म्हणाली.

पोरीने पेन धरलं. अक्ष वाकडे आले, तरी तिने ते काढले.