पट्टीखालचा तिसरा डोळा

शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठावर सातवीतली एक मुलगी डोळ्यांवर काळी पट्टी बांधून, छातीशी धरलेली कार्डं धडाधड ओळखत होती. "लाल! निळं! यावर मासा आहे!" टाळ्या थांबेनात. तिची आई तर रडायलाच लागली.

"हा अंतर्चक्षू!" पांढऱ्या सुटातले गुरुजी गरजले. "कंपनं थेट मेंदूत! पुस्तकं मिटा, पालकहो!"

माझं डोकंच फिरलं. मी विज्ञानाची बाई. मुलांना विज्ञान कंटाळवाणं वाटतं, म्हणून मुख्याध्यापिका सोमवारपासून माझी प्रयोगशाळा अंतर्चक्षूच्या वर्गासाठी या भामट्याच्या घशात घालणार होत्या. भिंगं, परीक्षानळ्या खोक्यांत भरूनही झाल्या होत्या.

मी उठले. "कार्ड जरा कपाळासमोर धरा की."

"शंकेखोरांमुळे कंपनं बिघडतात," गुरुजी म्हणाले.

"अरे वा! छातीशी बरी बिघडत नाहीत!"

मागे माझा वर्ग फिदीफिदी हसला.

"बाई, खाली बसा!" मुख्याध्यापिका कडाडल्या. "पट्टी मी स्वतः बांधून बघितली. मिट्ट काळोख."

"बघितलंत कुठं?"

"समोर! आणखी कुठं बघणार?"

"खाली. नाकाच्या शेंड्याकडे."

तोवर माझ्या पोरांनी रुमाल बांधलेसुद्धा. "बाई, नाकाशेजारून दिसतंय! माझ्या बुटाची नाडी सुटलीय!" नाकामुळे कापड उचललं जातं, दोन्ही बाजूंना फट राहते, तिच्यातून खालचं सगळं दिसतं. बस्स, एवढाच तो अंतर्चक्षू. पालकांनीही खिशातून रुमाल काढून डोळ्यांवर बांधले. गुरुजी घाईघाईनं कार्डं गोळा करायला लागले.

मुलीनं पट्टी ओढून काढली. "आई, मला खालूनच दिसायचं गं. खरं सांगितलंस तर आई रडेल, असं हे म्हणाले."

आईनं तिला जवळ घेतलं आणि गुरुजींकडे असं पाहिलं की ते मागच्या दारानं सटकले.

"बाई, फटीत कापूस भरला तर?" "आरसा धरला तर?" पोरं माझ्याभोवती गोळा झाली. हीच ती कंटाळलेली पोरं बरं का!

मुख्याध्यापिका पुटपुटल्या, "मग आता सोमवारचं काय?"

"सोमवार कशाला? आत्ताच चला. खोकी उघडायचीत."

तुम्हालाही सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या आवरा. त्यातली एकच गोष्ट बदला आणि म्हणा, आता पुन्हा करून दाखव. जो खरा असेल त्याला राग येत नाही.