पांढऱ्या पायाची

माझी पाठ रूळ उचलताना धरली, असं मी सगळ्या गावाला सांगितलं. खरं म्हणजे ती चुन्याची डबी उचलताना धरली. बावीस वर्षं मी रेल्वेच्या गँगवर, त्यातली नऊ मुकादम म्हणून. मी आवाज दिला की वीस माणसं एकदम रूळ उचलायची. आणि सदतीस सालच्या मार्गशीर्षात, एका शुक्रवारी, हातातली डबी खडीत पडली म्हणून मी वाकलो, तो वाकलेलाच राहिलो. कंबरेत असं काही अडकलं की वरही येता येईना आणि खालीही बसता येईना.

डोंगरावरच्या वाडीचा बारकू माझ्या शेजारीच पहार घेऊन उभा होता. त्यानं विचारलं, "मुकादम, काय झालं वो?"

"रूळ लागला," मी म्हणालो.

त्यानं रुळाकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं. मग डबी उचलून माझ्या खिशात घातली आणि मला पाठुंगळी घेऊन आमच्या गावची, भाज्याची वाट धरली. वाटेत प्रत्येक पावलाला कळ येत होती आणि प्रत्येक कळीला मी त्याला एक शिवी देत होतो. त्यानं एकही परत केली नाही. बारकूचा हा गुण मला फार जुन्या काळापासून माहीत आहे, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. ते पुढे येईलच.

सोमवारी लोणावळ्याला रेल्वेच्या डॉक्टरपुढे उभं राहायचं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांची तपासणी होती. वाकून पायाचे अंगठे धरायचे, पहार डोक्यावर उचलून दाखवायची, मग डॉक्टर कागदावर शेरा मारणार. ज्याला जमलं नाही त्यानं घरी बसायचं. गेल्या साली आमच्यातले दोघे असेच घरी बसले होते. आता देवळाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडीच्या वेळा सांगायचे. मला ते मरणाहून वाईट वाटायचं.

माझ्या बायकोनं, अंबूबाईनं, तापलेल्या विटेनं शेकलं, निरगुडीचा पाला बांधला, तेल चोळलं. शेकून शेकून माझी भाकरी केली. शनिवारी सकाळी मला परसाकडं न्यायला एका बाजूनं बायको आणि दुसऱ्या बाजूनं मुलगा लागला. वीस माणसांचा मुकादम! शेजारची नंदाबाई कुंपणावरून बघत होती, ती तोंडाला पदर लावून आत गेली.

आमच्याकडे उसण भरली की खरं औषध एकच, पायाळू. आईच्या पोटातून जो डोक्याऐवजी पायांनी बाहेर येतो तो पायाळू. दुखणेकऱ्यानं पालथं पडायचं आणि पायाळूनं त्याच्या पाठीला तीनदा पाय लावायचा. गावचा पायाळू महिपती दसऱ्यालाच वारला होता. शिरगावला एक होता म्हणून माझा मुलगा मारुती तिकडे गेला, तर तो मुंबईला गिरणीत लागलेला. शोधत शोधत मारुती पार सुदुंबऱ्याला, आपल्या सासुरवाडीला पोचला, आणि रविवारी सकाळी पायाळूऐवजी सासूला घेऊन आला.

आता सुनेचं सांगायला हवं, म्हणजे माझंच.

मुक्ताबाई लग्न होऊन आली त्याला सहा वर्षं झाली होती. ती आली त्याच्या पाचव्या दिवशी आमचा ढवळ्या बैल गाडीखाली गेला. दावं तोडून पहाटे गोठ्यातून सुटला आणि रुळावर गेला, असं मी घरी सांगितलं. खरं असं होतं की मीच त्याला नेला होता. लायनीच्या कडेला गवत चांगलं होतं. तिथं गुरं चारायची नाहीत असा हुकूम, आणि तो हुकूम दुसऱ्यांना बजावायचं काम माझं. ढवळ्याला सोडून मी करंजाखाली आडवा झालो आणि डोळा लागला. नव्यानं विजेची इंजिनं आली होती. कोळशाचं असतं तर त्याच्या धापांनी तरी जागा झालो असतो. जागा झालो तो बारकूनं हलवल्यावर. बैल कापला गेला होता.

साहेबाला कळलं असतं तर मुकादमी गेली असती. "सुटलेलं जनावर" असं मी सांगितलं, आणि बारकूला कुणी विचारलं नाही. घरी आलो तर अंबूबाई ऊर बडवत होती. "दावं कसं तुटलं? येवडं नवं दावं कसं तुटलं?" मारुती दावं बघायला गोठ्याकडे निघाला. दावं खुंटीला होतं, अख्खं. तेव्हा मी ओसरीवर उभा राहून ओरडलो, "दाव्याला काय बघतोस? पांढऱ्या पायाची घरात आलीया, ती बघ!"

मारुती थांबला. दाव्याबद्दल त्यानंतर मला कुणीही विचारलं नाही. इतकं सोपं होतं ते. दाराआड नव्या लुगड्याची सळसळ झाली तेवढी मी ऐकली.

मी ते एकदाच म्हणालो, पण गावाला एकदाच पुरतं. पेरणीच्या दिवशी बायका तिला बांधावर बसवायच्या. कुणाची गाय व्यायली की तिला खरवस घरपोच यायचा, म्हणजे तिनं गोठ्याकडे येऊ नये. आमच्या खळ्यात तर तिनं कधी पाऊल टाकलं नाही. मळणीला भाकरीची टोपली घेऊन यायची ती बांधाबांधानं मोठा वळसा घालून. टोपली कडेला ठेवायची आणि तशीच परत. सरळ आली तर वीस पावलं, वळशानं दोनशे. मी म्हणायचो, सुदुंबऱ्याचा नखरा आहे.

तर तिची आई सावित्राबाई आली, माझ्या उशाशी बसली आणि हसून म्हणाली, "पाव्हणं, काखंत कळसा आन गावाला वळसा! घरात पायाळू हाय की तुमच्या."

"कोन?"

"माजी मुक्ता. पायानं जल्मली ती. ल्हान असताना दोन मानसं आली, पायाळूला पुरल्यालं धन दिसतं, किल्ल्याखालचं काडायचंय, पोर द्या म्हनायला. तवापासनं मी भ्याले आन कुनाला बोलले न्हाई. लग्नात बी न्हाई. पन आता तुमी असं पडल्यावर झाकून काय करू?"

ओसरीवर तोवर माणसं जमली होती. दुखणं बघायला लोक जमतातच, त्यात मुकादमाचं. नंदाबाई होती, तिच्या दोन जावा होत्या, रोजची खबर घ्यायला आलेला बारकू खांबाला टेकून उभा होता. सुनेनं सासऱ्याच्या पाठीला पाय लावायचा, हे कुणीच पाहिलेलं नव्हतं. आमच्यात सून सासऱ्यासमोरून चपला घालून जात नाही. मलाही कसंतरीच झालं. पण सोमवार डोळ्यांपुढे होता. मी म्हणालो, "औषीदाला कसली लाज? बोलवा तिला." मला पालथं करायला तिघं लागले.

ती आली. आधी माझ्या पायावर डोकं ठेवलं, मग कडेला येऊन उभी राहिली. माझं तोंड जमिनीकडे, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पाय दिसत होते. एका घरात सहा वर्षं राहून मी ते पाय पहिल्यांदा नीट पाहिले. टाचांना भेगा, भेगांत भाताच्या खाचराचा चिखल वाळलेला. ठेच लागून अंगठ्याचं नख काळं पडलेलं. पांढरं म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

मी वाट बघत राहिलो. पाय जागचे हलेनात.

"लाव की," अंबूबाई म्हणाली.

"मामंजी," ती अगदी हळू म्हणाली, "माजा पाय नगं."

"का गं?"

"पांढरा हाय त्यो. ढवळ्या गेला. आता तुमच्या पाठीला लागला आन तुमालाच काय झालं, तर म्या काय करू?"

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी सोसला असता, उलटून दिलाही असता. तिचे पाय माझ्यापासून वीतभर मागे सरकलेले मला दिसत होते. तिला खरंच भीती वाटत होती की तिच्या पायानं मी मरेन. सहा वर्षं ती खळ्याला वळसा घालत होती ती आमचं धान्य वाचवायला. आणि मी त्याला नखरा म्हणत होतो. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण मी तर आधीच जमिनीला तोंड लावून पडलो होतो.

"कोन म्हनलं माज्या लेकीला पांढऱ्या पायाची?" सावित्राबाईचा आवाज चढला. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मुक्तानं माहेरी कधी सांगितलंच नव्हतं.

नंदाबाई छपराकडे बघू लागली असावी. अंबूबाई पुटपुटली, "लोक म्हनत्यात, इहीनबाई. लोकांच्या तोंडाला कोन हात लावनार?"

चांगली पळवाट होती. लोक म्हणतात. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. खरं बोललो तर ते साहेबापर्यंत जायला वेळ लागणार नव्हता, आणि मग पाठ सुटून तरी काय उपयोग? एवढा हिशेब त्या अवस्थेतही मी केला, हेही सांगून टाकतो. मग मला बारकूची पावलं दिसली, खांबापाशी. तो निघाला होता. माझं खोटं आणखी एकदा ऐकायला लागू नये म्हणून निघाला होता, असं मला वाटलं.

"बारकू, थांब," मी म्हणालो. "मी म्हनलो. पांढऱ्या पायाची हे मी म्हनलो. आन ढवळ्या सुटला न्हाई, मीच नेलता त्याला लायनीवर चारायला. मी झोपलो. बारकूनं बघितलंय. दावं तुटलंच नव्हतं. आन परवा रूळ बी लागला न्हाई, चुन्याची डबी पडली व्हती."

हे शेवटचं कशाला सांगितलं कोण जाणे. एकदा तोंड उघडलं की सगळंच सांडतं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं.

सावित्राबाई उठली. "चल मुक्ते. बोचकं बांध. हितं येक घडी र्‍हायाचं न्हाई."

ती बरोबरच बोलत होती. मारुतीनंही तिला अडवलं नाही. तो माझ्याकडे बघत असणार, आणि बरं झालं मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. मी डोळे मिटले. सोमवार गेला, मुकादमी गेली, आणि ते योग्यच झालं असं मनात म्हटलं.

मग मुक्ताबाईचा आवाज आला. पहिल्यासारखाच हळू, पण आता त्यात भीती नव्हती. "आई, थांब. मानूस पालथं पडलंय. आदी त्याची पाठ."

तिचा पाय माझ्या कंबरेवर टेकला. जड नव्हता. भेगा मात्र लागल्या. एकदा, दोनदा, तीनदा.

मी लगेच उठून नाचायला लागलो असं काही झालं नाही. पण तिसऱ्यांदा ठेवलेला पाय तिनं उचलला नाही. टाचेनं कण्याच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू दाबत गेली, जिथं मी कण्हलो तिथं थांबत होती. कुठंतरी गाठ सैल झाली. संध्याकाळी तिनं मला उभा केला. "पडून र्‍हाऊ नका, मामंजी. आखडतंय त्यानं," म्हणाली आणि काठीचं एक टोक मला देऊन, दुसरं आपण धरून, अंगणात मला चालवलं. माझ्याशी दुसरं अक्षर बोलली नाही.

सोमवारी मी घामाघूम होऊन अंगठे धरले. डॉक्टरनं शेरा मारला, मुकादमी राहिली. साहेबाला बैलाचं मी आजवर सांगितलेलं नाही. तेवढा शूर मी नाही. गावानंही त्याला सांगितलं नाही, गावाला मला हसण्यातच जास्त गोडी होती. गँगवर आता कुणाच्या हातून काही पडलं की बारकूच आधी वाकून उचलतो. बोलत मात्र काही नाही.

सावित्राबाईनं लेकीला महिनाभर माहेरी ठेवलं. मी स्वतः सुदुंबऱ्याला जाऊन, तिच्या दारात उभा राहून, जे ऐकायचं ते सगळं ऐकून घेतलं आणि सुनेला घेऊन आलो.

परवा राहिलेल्या भाताची मळणी होती. खळ्यात माणसं होती, नंदाबाईही होती. बांधावरून मुक्ताबाई टोपली घेऊन येताना दिसली आणि मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "पोरी, वळसा नगं! मधनं ये, सरळ खळ्यातनं ये!"

ती थांबली. खळ्याच्या सारवलेल्या कडेशी उभी राहून तिनं पायाकडे पाहिलं. एक पाऊल उचललं, क्षणभर तसंच अधांतरी धरलं, आणि मागे घेतलं.

"र्‍हाऊ द्या, मामंजी," ती ओशाळून हसली, जणू चूक तिचीच होती. "पायांस्नी सवय झालीया."

आणि ती वळसा घालून निघाली.

माझी पाठ धरली होती ती तीन दिवसांत सुटली. तिचे पाय मी सहा वर्षं धरून ठेवले, ते कुणाचा पाय लावून सुटणार? मी खळ्यातून उठलो, बांधापर्यंत गेलो आणि टोपली तिच्या डोक्यावरून उतरवून घेतली. मला तेवढंच सुचलं.