अर्ध्यावर

मी झेंडा बोलतोय. सरकारी कचेरीच्या गच्चीवरचा. पुस्तकातल्या चित्रात दिसतो तेवढा काही मी देखणा नाही. ऊन-वारा खाऊन माझ्या कडा विरल्या आहेत.

माझा लाल पट्टा सांडलेल्या रक्ताचा, पांढरा शांततेचा, निळा समुद्राचा, असं शाळेतली मुलं घोकतात. याच खांबावर पूर्वी परक्यांचा झेंडा होता. तो उतरवून आमच्यातला पहिला चढवताना माणसांनी लाठ्या खाल्ल्या. ती माणसं गेली. आता मी वर गेलो तरी कुणी मान वर करत नाही, एक शिपाईमामा सोडले तर. सकाळी तेच मला चढवायचे, संध्याकाळी उतरवून घडी घालायचे आणि घडी घालता घालता बोलत सुटायचे. "आमची ही म्हणते, झेंड्याला जपता तेवढं मलाही जपा की!"

मग राष्ट्राध्यक्ष वारले. तीन दिवसांचा दुखवटा जाहीर झाला. अशा वेळी मला थेट अर्ध्यावर बांधत नाहीत. आधी टोकापर्यंत न्यायचं आणि मग खाली आणायचं, अशी रीत आहे. त्याच दिवशी मामांची बायको, आमच्या मामी, दवाखान्यात वारल्या.

दुसऱ्या दिवशी मामा कामावर हजर. "घरी बसून करू काय?" एवढंच म्हणाले. रडले नाहीत. त्यांचे हात दोरी ओढत होते, पण त्यांत जीव नव्हता. मलाही काही वाटत नव्हतं. वारा पडला होता, मी नुसता लोंबकळत होतो.

दुखवटा संपल्यावरच्या सकाळी मामांनी मला टोकाला नेलं आणि पुन्हा अर्ध्यावर आणून गाठ मारली. थोड्या वेळाने साहेब धापा टाकत गच्चीवर आले.

"मामा, दुखवटा काल संपला! वरून फोन आलाय. नोकरी घालवायचीय का?"

मामांनी दोरीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणी बांधली होती.

"देशाचा संपला, साहेब. माझा अजून सुरूच झाला नाही."

साहेबांनी चष्मा काढला. तो पुसत पुसत म्हणाले,

"संध्याकाळपर्यंत राहू द्या. दोरी अडकलीय म्हणून सांगतो मी."

साहेब खाली गेले. मामा खांबाला टेकून बसले आणि तिथे, भर उन्हात, हमसून हमसून रडले.

आता माझी मुदत भरत आली आहे. नवा झेंडा कपाटात येऊन पडलाय. जाण्याआधी एकच मागणं आहे. कुठे झेंडा अर्ध्यावर दिसला, तर कोण मोठा माणूस गेला एवढंच विचारू नका. खाली दोरी धरून कोण उभं आहे, तेही जरा बघा.